द्राक्षमद्याची पारख

नगर शहरांतून मनमाडकडे जाणारी सडक नागापुरावरून पुढें जाते. शहराचें आणि जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी लोकांच्या बोलण्यांत ‘नगर’ अजून आहेच. त्याचप्रमाणें नागापूर आतां कारखान्यांच्या वसाहतीनें वेढलें गेलें असलें, तरी भोंवतालचा मुलूख पूर्वीचाच आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि पाण्यावर ज्याचा त्याचा डोळा. याच सडकेनें उत्तरेस निघालें कीं राहुरी, कोल्हार, शिर्डी हीं गांवें मागें पडतात, आणि शिर्डीहून सिन्नरच्या वाटेनें माणूस अर्ध्या दिवसाच्या आंत नाशिकास पोंचतो. तेथें गंगापूर धरणाच्या परिसरांत, दिंडोरीकडे आणि निफाडकडे द्राक्षांचे असे कांहीं मळे आहेत कीं, त्यांतील घड खाण्यासाठीं बाजारांत जातच नाहींत. तीं सारीं द्राक्षें चिरडलीं जातात आणि त्यांची वाइन होते.

नागापुराहून नैर्ऋत्येस गेलें तर पारनेर तालुक्यांत राळेगणसिद्धी लागतें. १९७० नंतरच्या दशकांत या गांवानें अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखालीं दारूच्या भट्ट्या बंद केल्या, पाणी अडविलें, आणि गांवाचा कायापालट करून दाखविला. एका बाजूस द्राक्षमद्याचा उद्योग आणि दुसऱ्या बाजूस दारूबंदीचा आदर्श, अशा दोन टोंकांच्या मध्यें नगरकर उभा आहे. या वादांत कोणत्याही बाजूनें बोलावयाचें तरी वाइन म्हणजे काय, ती कशी होते, आणि तिचे जाणकार तिच्यांत नेमकें काय शोधतात, हें ठाऊक असणें बरें. न पाहिलेल्या वस्तूची स्तुति जशी पोकळ, तशीच निंदाही पोकळ होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नगर जिल्ह्यास मद्यार्क अपरिचित नाहीं. प्रवरेच्या कांठीं १९५०–५१ च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढें जिल्हाभर उसाचें राज्य झालें. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढण्याचे कारखानेही त्यामागून आले. परंतु हा मद्यार्क ऊर्ध्वपातनानें, म्हणजे आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ थंड करून मिळवितात. त्यामुळें तो तीव्र होतो, आणि मळीची मूळ चव व वास त्यांत जवळजवळ उरत नाहींत. वाइनचें तसें नाहीं. ती आंबवलेला रसच असते. तिला भट्टी लागत नाहीं. म्हणूनच दुकानांत मिळणाऱ्या कडक मद्यांत शेंकडा ४२ च्या वर मद्यार्क असतो, तर वाइनमध्यें तो बहुधा शेंकडा १२ ते १४ इतकाच असतो. आणि म्हणूनच द्राक्ष कोठें पिकलें, कोणत्या हवेंत पिकलें व केव्हां खुडलें, याची साक्ष वाइनच्या घोटांत उरते. वाइनची चव पारखणें म्हणजे वस्तुतः ही साक्ष वाचणें होय.

रस आंबतो कसा? जिलबीचें किंवा आंबोळीचें पीठ रात्रभर ठेवलें असतां फुगतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. द्राक्षाच्या रसांतही यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचे दोन पदार्थ करितात. एक मद्यार्क आणि दुसरा कर्बवायु. वायु उडून जातो, मद्यार्क राहतो. हें सजीवांचें कार्य आहे, हें लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत दाखवून दिलें. १८६६ सालीं त्यानें वाइनवर ग्रंथही लिहिला. हिशेब साधा आहे. एक लिटर रसांत सुमारें १७ ग्रॅम साखर असेल तर तीपासून शेंकडा १ भाग मद्यार्क तयार होतो. तेव्हां शेंकडा १३ भागांची वाइन हवी असेल तर लिटरमागें २२० ग्रॅमच्या आसपास साखर द्राक्षांतच असली पाहिजे. मळ्यांत शेतकरी हातांत लहानशी दुर्बिणीसारखी नळी धरून तिच्या कांचेवर रसाचा थेंब टाकतो आणि उजेडाकडे पाहतो. तो ही साखरच मोजत असतो. खुडण्याचा दिवस बराचसा या मोजणीवरून ठरतो.

पण सारी द्राक्षें या कामाची नसतात. बाजारांत मिळणारें लांबट, हिरवें, बिनबियांचें द्राक्ष बहुधा ‘थॉम्सन सीडलेस’ या जातीचें किंवा तिच्यापासून निघालेल्या वाणाचें असतें. तासगांवचें ‘तास-ए-गणेश’ हें त्यांपैकींच. थॉम्सन हें नांव मात्र कॅलिफोर्नियांतील एका बागाइतदाराचें आहे. १८७० नंतरच्या वर्षांत त्यानें तेथें ही जात लोकप्रिय केली. खाण्याच्या द्राक्षांत पाणी अधिक, साल पातळ आणि बी नसली तर उत्तम, असा हिशेब असतो. वाइनचीं द्राक्षें याच्या अगदीं उलट असतात. दाणा वाटाण्याएवढा, साल जाड, आंत बिया, गोडी अधिक, पण आंबटपणाही तेवढाच ठसठशीत. खावयास घेतलें तर कोणी दुसऱ्यांदा मागणार नाहीं. परंतु रंग, वास आणि तुरटपणा हे गुण सालींत व बियांत वसतात, आणि लहान दाण्यांत रसाच्या मानानें साल अधिक असते. बागाइतदारास येथें वजनाचा मोह सोडावा लागतो. उत्पन्न कमी निघतें, पण रस दाट निघतो.

द्राक्षमद्यास भूमीचें नांव देण्याची चाल परदेशांतून आली असें पुष्कळांस वाटतें. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्यास ‘मधु’ म्हटलें असून, त्याचे प्रकार ज्या ज्या प्रदेशांत तें होई त्यांच्या नांवानें सांगितले आहेत. त्यांतील ‘कापिशायन’ हें काबूलच्या उत्तरेकडील कापिशी प्रदेशाचें होय. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास जी भौगोलिक मानांकनाची सरकारी नोंद मिळाली आहे, तिच्यामागील विचार तोच आहे. भूमीचें नांव ही येथें वस्तूच्या गुणाची खूण ठरते.

भूमीचा हा गुण कसा उतरतो, हें पाहण्यासाठीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे नजर टाकावी. सोनोमा, नापा, मॉन्टेरे, सांता बार्बरा हे तेथील प्रसिद्ध द्राक्षप्रदेश पॅसिफिक महासागराच्या जवळ आहेत. त्या किनाऱ्यालगत समुद्राचें पाणी उन्हाळ्यांतही थंडगार असतें. आंतल्या सपाट खोऱ्यांत दिवसा ऊन तापलें कीं हवा वर चढते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची थंड हवा डोंगरांतील खिंडींतून आंत घुसते. तिच्याबरोबर धुकें येतें. सकाळीं मळे धुक्यांत असतात, दुपारच्या सुमारास ऊन पडतें, आणि सायंकाळीं पुन्हा गारवा येतो. दिवसाच्या उन्हानें साखर भरते, रात्रीच्या गारव्यानें आंबटपणा टिकतो. द्राक्षास या दोहोंची गरज असते. नुसतें ऊन असेल तर रस गोड पण सपक होतो. नुसता गारवा असेल तर तो आंबट व कच्चा राहतो.

नाशिकास समुद्र नाहीं, पण थंडी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर असलेल्या या मुलखांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीं चांगल्याच गार असतात; निफाडच्या कडाक्याच्या थंडीची बातमी तर दरवर्षीं वर्तमानपत्रांत येते. कॅलिफोर्नियांत समुद्राच्या धुक्यानें जें घडतें, तें येथें हिंवाळ्याच्या रात्रीनें घडतें. मात्र त्यासाठीं वेलाचें पंचांगच फिरवावें लागतें. थंड देशांत वेल हिंवाळ्यांत झोंपी जातो, वसंतांत फुटतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्यें पिकतो. आपल्याकडे त्यास झोंप येत नाहीं. म्हणून येथील बागाइतदार वर्षांतून दोन छाटण्या करितो. एप्रिलमधील ‘खरड छाटणी’ काड्या तयार करण्यासाठीं असते, आणि पावसाळा सरतांना केलेली ‘गोडी छाटणी’ फळासाठीं असते. त्यामुळें घड जानेवारी ते मार्चमध्यें पिकतात, आणि पिकण्याचा नाजुक काळ थंडीच्या पदरांत पडतो. युरोपांतील बागाइतदार ज्या दिवसांत बर्फांत उभ्या असलेल्या ओक्याबोक्या वेलांकडे पाहत असतो, त्याच दिवसांत नाशिकास खुडणी चालू असते.

महाराष्ट्रांतील आधुनिक वाइनचा आरंभ मात्र नाशिकास नव्हे, तर पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवास झाला. तेथें १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ वाइन तयार केली आणि ती परदेशींही पाठविली. त्यानंतर राजीव सामंत हे कॅलिफोर्नियांतील शिक्षण व नोकरी आटोपून परतले. गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनीं १९९७ सालीं सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शनाँ ब्लाँ या जातींचे वेल लावले. कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागांतील केरी डॅम्स्की या वाइनतज्ज्ञाचें साहाय्य त्यांस मिळालें, आणि २००० सालीं ‘सुला’च्या पहिल्या बाटल्या बाहेर पडल्या. अशा रीतीनें सोनोमा आणि नाशिक यांचें नातें केवळ उपमेचें नसून गुरुशिष्याचेंही आहे. पुढें दिंडोरी, निफाड, इगतपुरी येथें, तसेंच सोलापूर जिल्ह्यांत अकलूजकडेही मळे व वाइनचे कारखाने झाले.

आतां प्रत्यक्ष पारखीकडे वळूं. प्रथम रंग. काळें द्राक्ष सोलून पाहावें. आंतील गर बहुधा पांढुरकाच असतो. रंग सालींत असतो. म्हणून रस पिळून सालीपासून लगेच निराळा केला आणि थंड ठेवून आंबविला तर पांढरी वाइन होते. सालींसह व कांहींशा उबेंत आंबविला तर तांबडी होते. आणि थोडे तास सालींत ठेवून मग काढला तर गुलाबी होते. तांबड्या वाइनमध्यें रंगाबरोबर सालींतील व बियांतील तुरटपणाही उतरतो. पेला पांढऱ्या कागदासमोर तिरका धरला कीं पुष्कळ गोष्टी कळतात. तरुण तांबडी वाइन जांभळट दिसते, जुनी होतां होतां ती विटकरी होते. पांढरी वाइन नवी असतां फिकट हिरवट व जुनी असतां सोनेरी दिसते. फिकट असावयास हवी ती वाइन तपकिरी दिसूं लागली, तर तिला हवा लागली असें समजावें.

दुसरी पायरी वासाची, आणि खरें पाहतां हीच मुख्य होय. जिभेस गोड, आंबट, खारट, कडू असे मोजके भेद कळतात. बाकी ज्याला आपण ‘चव’ म्हणतों तें पुष्कळसें नाकाचें काम असतें. नाक घट्ट धरून वेलदोडा चावावा. मग नाक सोडावें. जो फरक पडतो तोच या विधानाचा पुरावा. म्हणून वाइनचा पेला तळाशीं रुंद व तोंडाशीं निमुळता असतो आणि तो एकतृतीयांशाहून अधिक भरीत नाहींत. पेला हळूच गोल फिरविला कीं वाइन कडेवर पसरते, तिची वाफ मोकळी होते, आणि निमुळतें तोंड ती वाफ नाकासाठीं धरून ठेवतें. पेला फिरविण्याच्या या क्रियेस कोणी नखरा म्हणो, पण तिचें कारण असें साधें आहे.

वासांस नांवें देण्याच्या वेळीं मात्र आपल्याकडचा नवशिका अडखळतो. इंग्रजी पुस्तकांतून गूसबेरी, ब्लॅककरंट अशीं फळें सांगितलेलीं असतात. तीं त्यानें कधीं पाहिलेलीं नसतात, आणि मग आपलें नाकच अडाणी आहे असें त्यास वाटूं लागतें. वस्तुतः दोष नाकाचा नसून शब्दांचा असतो. सॉव्हिन्याँ ब्लाँचा पेला हुंगून मराठी माणसास पेरूची किंवा चिरलेल्या ढोबळ्या मिरचीची आठवण व्हावी, हें अगदीं रास्त आहे. ढोबळ्या मिरचीस जो वास येतो, त्याच जातीचीं द्रव्यें त्या द्राक्षांतही असतात. शनाँ ब्लाँमध्यें अननस, पिकलेलें केळें, मध यांचा भास होतो. शिराझमध्यें काळ्या मिऱ्याचा वास येतो, आणि हा नुसता भास नव्हे. मिऱ्यास तिखट वास देणारें द्रव्य शिराझच्या सालींतही असतें, असें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें आहे. ओकच्या पिंपांत ठेवलेल्या वाइनला लवंग, दालचिनी, भाजलेलें खोबरें यांची छटा येते. ज्यांच्या घरांत मिसळणाचा डबा आहे, त्यांस शब्दांसाठीं परदेशाकडे पाहण्याचें कारण नाहीं.

तिसरी पायरी घोटाची. घोट लहान घ्यावा आणि तो लगेच गिळून न टाकतां तोंडांत फिरवावा. गोडी जिभेस लगेच कळते. आंबटपणा तोंडास सुटणाऱ्या पाण्यावरून कळतो. जितकें अधिक पाणी सुटेल तितका आंबटपणा अधिक. तुरटपणा हिरड्यांवर व गालांच्या आंतल्या बाजूस कळतो. कच्च्या चिकूनें किंवा जांभळानें तोंड आवळतें तसें तें आवळतें. मद्यार्काची ऊब घशाशीं लागते. मग सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा कीं, या चौघांचें एकमेकांशीं जमतें कीं नाहीं? कोणी एक वरचढ होऊन बाकीच्यांस दाबून टाकीत असेल, तर वाइन सदोष. सर्व आपापल्या जागीं असतील आणि घोट संपल्यावरही वास कांहीं क्षण रेंगाळत असेल, तर वाइन उत्तम. धंदेवाईक पारखी एका बैठकींत अनेक वाइन चाखतात, परंतु प्रत्येक घोट समोरच्या भांड्यांत थुंकून टाकतात. नशा चढली कीं पारख संपते, हें त्यांस पक्कें ठाऊक असतें.

ज्यांस मद्याचा थेंबही नको असेल त्यांनाही ही विद्या कळण्यास अडचण नाहीं. एका कपांत दोन मिनिटें आणि दुसऱ्यांत दहा मिनिटें उकळलेला, दूध-साखर न घातलेला चहा घ्यावा. दुसऱ्या कपांत जें तोंड आवळतें तो तुरटपणा. लिंबाचें सरबत प्रथम बिनसाखरेचें, मग थोड्या साखरेचें आणि मग भरपूर साखरेचें चाखावें. लिंबू तेवढेंच असून आंबटपणा कसा झांकला जातो, तें ध्यानांत येईल. शेवटीं बियांचें एक काळें द्राक्ष घेऊन गर, साल आणि बी हीं निरनिराळीं चावावीं. गर गोड, साल तुरट व सुवासिक, बी कडवट. वाइनचें अर्धें व्याकरण या तीन प्रयोगांत आलें.

पारखींत मोठा शत्रु आपला पूर्वग्रह असतो. २४ मे १९७६ रोजीं पॅरिस येथें स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानें फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइन बाटल्यांवरील नांवें झांकून नऊ फ्रेंच परीक्षकांपुढें ठेविल्या. फ्रान्सचाच विजय होणार, याविषयीं कोणासही शंका नव्हती. गुण मोजले तेव्हां पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन्ही वर्गांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यांतील १९७३ सालच्या वाइननें पटकाविला. ज्या अमेरिकेंत १९२० ते १९३३ पर्यंत देशव्यापी दारूबंदी होती आणि जेथील बहुतेक वाइनघरें त्या काळांत बंद पडलीं होतीं, तेथील ही वाइन होती. चिठ्ठी झांकली कीं जीभ खरें बोलते, हा या प्रसंगाचा बोध. नाशिकची बाटली केवळ स्वदेशी म्हणून उचलून धरूं नये, आणि स्वदेशी म्हणून नाकही मुरडूं नये.

व्यवहारांतील कांहीं गोष्टी आपल्या हवेस धरून सांगितल्या पाहिजेत. तांबडी वाइन ‘खोलीच्या उष्णतेवर’ प्यावी असें परदेशी पुस्तकें सांगतात. ती खोली युरोपांतील, १६ ते १८ अंशांची. नगरच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो. तेथें तांबडी वाइनही थोडा वेळ थंड करावीच लागते, नाहीं तर मद्यार्काचा भपका तेवढा नाकांत जातो. पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर ठीक. फार गारठविली तर तिचा वासच मुका होतो. ऊन, उष्णता आणि प्रकाश हे बाटलीचे वैरी होत. उन्हांत राहिलेल्या बाटलींतील वाइन शिजल्यासारखी लागते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष, आणि शिरक्याचा वास आला तर ती बिघडली असें समजावें. जुनी तितकी चांगली, हीही सरसकट खरी समजूत नव्हे. बहुतेक वाइन, त्यांतही साध्या पांढऱ्या, वर्षा-दोन वर्षांतच चांगल्या लागतात.

जेवणाबरोबर मेळ घालतांनाही थोडा विचार हवा. तिखटाची आग मद्यार्कानें वाढते. म्हणून झणझणीत रश्शाबरोबर कडक, तुरट वाइन म्हणजे आगींत तेल. त्याबरोबर किंचित् गोडसर शनाँ ब्लाँ अधिक शोभते. तुरट तांबडी वाइन मटणाशीं जमते, कारण प्रथिनें व चरबी तुरटपणास मवाळ करितात. पण तीच मासळीबरोबर कित्येकदां लोखंडी चवीची लागते.

इतकें झाल्यावर मूळ प्रश्नाकडे आलें पाहिजे. या सर्व पारखीची किंमत कोण देतो आणि लाभ कोणास होतो? २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, अबकारी करांत सवलती दिल्या आणि विंचूर येथें वाइनसाठीं खास वसाहत काढली. उद्देश शेतकऱ्याच्या हिताचा होता. द्राक्ष नाशिवंत, अवकाळी पावसाच्या एका सरीनें वर्षाचा पैसा पाण्यांत जातो. वाइनघराशीं आधींच भाव ठरलेला असेल तर शेतकऱ्यास आधार मिळतो. पण या आधाराची दुसरी बाजूही दिसून आली. २००८ नंतरच्या मंदींत वाइनचा खप घसरला, कित्येक कारखान्यांनीं द्राक्षें उचललीं नाहींत, आणि पुष्कळ बागाइतदारांनीं वाइनचे वेल उपटून टाकिले. खाण्याचें द्राक्ष एका व्यापाऱ्यानें नाकारलें तर तें दुसरीकडे विकतां येतें. वाइनच्या द्राक्षास वाइनघराखेरीज दुसरें गिऱ्हाईक नाहीं. ज्या लहान दाण्याची आणि जाड सालीची जाणकार स्तुति करितात, तोच गुण पडत्या काळांत शेतकऱ्याच्या गळ्याचा फांस होतो.

२७ जानेवारी २०२२ रोजीं राज्याच्या मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास अनुमति देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या मालास बाजार मिळेल, हें त्यामागील समर्थन. राळेगणसिद्धीहून त्यास तीव्र विरोध झाला, आणि अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला. लोकांचें मत घेतल्यावांचून निर्णय अमलांत आणणार नाहीं, असें आश्वासन मिळाल्यावर तें उपोषण स्थगित झालें. वाइन हें शेतमालाचें एक रूप कीं दारूचें एक रूप, हा त्या वादाचा गाभा होता. रसायनशास्त्राचें उत्तर सरळ आहे: ती दोन्ही आहे. तिच्यांतील मद्यार्क आणि देशी दारूंतील मद्यार्क एकच, फरक प्रमाणाचा. मद्यार्कामुळें कर्करोग होऊं शकतो हें जागतिक स्तरावरील कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालींच नमूद केलें आहे, आणि आरोग्यास पूर्णपणें निर्धोक असें मद्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें. वाइन हें औषध आहे असें सांगून ती विकणें हा ग्राहकाशीं अप्रामाणिकपणा होय. त्याचप्रमाणें, वर्षभर मळ्यांत राबणाऱ्या माणसाचा प्रश्न केवळ ‘दारू’ या एका शब्दानें मिटवून टाकणें हाही अप्रामाणिकपणाच होय. महाराष्ट्रांत मद्य बाळगण्यास व पिण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्याअन्वयें परवाना लागतो, हेंही विसरतां कामा नये.

महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या स्त्रियांनीं मद्याच्या दुकानाविरुद्ध मतदान केलें, तेव्हां ‘आडवी बाटली’ ही बंदीची खूण ठरली. वाइनच्या तळघरांतही बाटली आडवीच ठेवितात. बूच ओलें राहावें आणि आंत हवा शिरूं नये म्हणून. खूण एक, अर्थ दोन. नागापुरावरून जाणाऱ्या सडकेवर एक वाट द्राक्षमळ्यांकडे वळते आणि एक दारू सोडलेल्या गांवाकडे. कोणती धरावयाची हें ज्याचें त्यानें ठरवावें; परंतु पारख करण्याची संवय ज्यास लागली, तो निदान बाटलीवरील चिठ्ठीस आणि व्यासपीठावरील घोषणेस सारख्याच सावधपणें पाहील. आणि ज्यास घोटाचा सूक्ष्म स्वाद घेतां येतो, त्यास कोठें थांबावें हेंही कळलें पाहिजे. तें कळत नसेल तर त्यास पारख आली नाहीं, एवढेंच खरें.